आमचा मारिओ हळू पळायचा

गेल्या आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला होती, म्हणून मी माहेरी आले होते. पालखी इंदापूरकडे निघाली, अंगणातली पातेली घासून उलटी पडली, घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हा भाच्याने टीव्हीच्या मागे पत्त्यांच्या कॅटएवढी एक हिरवी पाटी जोडली आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या वेळचा मारिओ लावलाय. ये, खेळ."

ती पाटी म्हणजे रास्पबेरी पाय. केंब्रिजमधल्या मंडळींनी मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून २०१२ मध्ये बाजारात आणलेला स्वस्त, छोटा संगणक. त्यावर भाच्याने रेट्रोपाय नावाची फुकट मिळणारी प्रणाली चढवली होती. तिच्यात जुन्या गेमयंत्रांचे इम्युलेटर एकत्र बांधलेले असतात. पडद्यावर नीटस यादी, प्रत्येक गेमचं रंगीत मुखपृष्ठ, कंपनीचं नाव, प्रकाशनाचं वर्ष. एखाद्या चांगल्या ग्रंथालयाची सूची असावी तसं.

मी खेळायला बसले आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर भाचा समजुतीने म्हणाला, "होतं असं, किती वर्षं झाली." मलाही तसंच वाटलं. बोटं जुनी झाली. पण बोटांनी सगळा दोष घेतला तरी कान ऐकेना. ती धून मला पाठ आहे. इथे सूर तेच होते, पण धून घाईत होती, जणू वाजवणाऱ्याची एसटी सुटत होती.

घरी परतल्यावर शोधलं, तेव्हा कळलं की बोटं आणि कान दोन्ही बरोबर होते.

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणं. निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला, त्याचंच अमेरिकी रूप म्हणजे एनईएस. त्यातला प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके टाकायचा आणि कामाला स्मृती होती दोन किलोबाइट. आजचा छोटा पायसुद्धा हे सारं आज्ञेमागून आज्ञा वाचत, सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब करून दाखवतो. कॅसेटमधल्या चिपवरचा मजकूर उतरवून घेतलेली फाइल म्हणजे रॉम. मारिओची रॉम ४० किलोबाइटची, सकाळी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सुप्रभातच्या चित्राहूनही बहुधा लहान.

आता मेख इथे आहे. या गेमचं घड्याळ टीव्हीला बांधलेलं असतं. पडदा एकदा रंगवून झाला की गेम एक पाऊल पुढे जातो. अमेरिका-जपानात टीव्ही सेकंदाला ६० वेळा रंगवला जायचा, भारतात पाल पद्धत असल्यामुळे ५० वेळा. निन्टेंडोने युरोपातल्या पाल टीव्हीसाठी मारिओ काढला तेव्हा त्याचा वेग त्या घड्याळाला जुळवून घेतला. आमच्या गावात निन्टेंडो पोचलाच नव्हता. आमच्याकडे आला तो क्लोन, म्हणजे नकली फॅमिकॉम. पाल देशांसाठीच्या अशा क्लोनमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा असत. त्या चित्र पन्नासच्या हिशोबाने काढायच्या, पण प्रोसेसरचा वेग मूळच्या अगदी जवळ ठेवायच्या. म्हणून सूर जवळपास जागेवर राहिले आणि ताल मागे पडला. कॅसेटीतला मारिओ मूळ जपानी-अमेरिकी, यंत्र पन्नासचं. दहा मिनिटांचा खेळ आमच्याकडे बारा मिनिटं चालायचा. आमचा मारिओ हळू पळायचा, आणि माझी बोटं त्या हळू मारिओला शिकलेली होती.

रेट्रोपायने फाइल पाहिली, ती अमेरिकी आहे हे ओळखलं आणि साठच्या वेगाने चालवली. त्याच्या दृष्टीने हेच अचूक. माझी तक्रार या अचूकपणाबद्दल आहे.

इम्युलेटरकडे आपण तंत्राची करामत म्हणून पाहतो. मला वाटतं, त्याच्याकडे संपादित आवृत्ती म्हणून पाहावं. जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो पाठाचा: हजार पोथ्यांतून कोणता पाठ खरा धरायचा? पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. त्या शिस्तीत गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मुख्य पाठातून निघाली आणि परिशिष्टात गेली. संपादकांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण घरोघरी जे महाभारत सांगितलं जातं, त्यात गणपती पहिल्याच पानावर बसलेला असतो. चिकित्सक आवृत्तीचा मोठेपणा असा की तिने ती गोष्ट फेकून दिली नाही. परिशिष्टात का होईना, छापली.

रॉम जमवणाऱ्यांच्या जगातही अशीच शिस्त आहे. फाइल तपासून अस्सल ठरली की नावापुढे चौकटी कंसात उद्गारचिन्ह. 'बी' म्हणजे बिघडलेली प्रत, 'एच' म्हणजे कुणीतरी फेरफार केलेली, 'पी' म्हणजे पायरेट. संग्रह 'स्वच्छ' करायचा म्हणजे उद्गारचिन्हवाल्या फाइली ठेवायच्या, बाकीच्या उडवायच्या. भाच्याने उतरवून घेतलेला संग्रह असाच स्वच्छ होता. त्यात माझं लहानपण शोधायला गेले तर ते सगळं 'एच' आणि 'पी'मध्ये होतं. म्हणजे नव्हतंच.

उदाहरण रणगाड्याचं घेऊ. ज्याला आम्ही नुसतं 'टँक' म्हणायचो, तो नामको कंपनीचा १९८५चा बॅटल सिटी. अमेरिकेत एनईएसवर तो निघालाच नाही. पण आमच्या कॅसेटीत बॅटल सिटीच्या शेजारी 'टँक १९९०' होता. कुणीतरी मूळ गेम उघडून त्यात दोन वस्तू घातल्या होत्या: एक बंदूक, जिने पोलादी भिंत फुटे, आणि एक होडी, जिच्यामुळे रणगाडा पाण्यावरून जाई. मूळ बॅटल सिटीत पाणी अडवतं. म्हणून त्यात वाट शोधायची, गरुडाभोवतीच्या विटा जपायच्या, असा विचार करावा लागतो. टँक १९९० दांडगाईचा खेळ आहे. समीक्षक म्हणून मी मूळ गेमला वरचढ म्हणेन. पण दादाला विचारा. तो म्हणेल, होडी नसेल तर तो टँक कसला? या दोन पाठांमध्ये खेळाबद्दलच्या दोन कल्पना आहेत. त्यातली एक 'अशुद्ध' म्हणून गाळली, तर गावोगावच्या मुलांनी काय खेळलं याचा अर्धा पुरावाच गेला.

रेट्रोपायमधली मुखपृष्ठंही अशीच. कॉन्ट्राचं अमेरिकी वेष्टन बघून मी थबकले. हे दोघे कोण, कुणाशी लढतात, याची कथा वेष्टनावर आणि सोबतच्या पुस्तिकेत असायची. आमच्या कॅसेटीला पुस्तिका नव्हती. वर एक चिकटवलेला कागद, त्यावर आत नसलेल्याच कुठल्यातरी हिरोचं चित्र, आणि '९९९९ इन १'. आत गेम पाच-पन्नास. बाकी तेच गेम पुन्हा, फक्त वेगळ्या टप्प्यापासून किंवा जास्तीच्या लाइफ देऊन. युरोपात कॉन्ट्रातली माणसं काढून यंत्रमानव घातले आणि नाव प्रोबोटेक्टर ठेवलं. आमच्याकडे पाल टीव्हीवर माणसांचाच कॉन्ट्रा चालायचा. अधिकृत यादीत अशी जोडी कुठेच बसत नाही.

बरं, पन्नासचा वेग इम्युलेटरला देता येतो का? येतो. फॅमिकॉमचे जे इम्युलेटर पायवर सर्रास चालतात, त्यांच्या पर्यायांत प्रदेश निवडता येतो: एनटीएससी, पाल आणि तिसरा डेंडी. डेंडी हा १९९२ मध्ये रशियात स्टीपलर कंपनीने आणलेला क्लोन. आमच्या क्लोनसारखंच पन्नासचं चित्र आणि मूळच्या जवळचा प्रोसेसर. म्हणजे निमगावातलं माझं बालपण आज्ञावलीत आहे, पण रशियन नावाखाली. मला यात राग नाही, थोडं हसू आहे. तिथल्या नकलेला जगाच्या सूचीत निदान नाव मिळालं. आपण आपल्या नकलीला कधी नोंदवण्यालायक मानलंच नाही. मोठं झाल्यावर शहरात कुणी विचारलं तर आम्हीही 'एनईएस होता आमच्याकडे' असं सांगू लागलो.

इथवर प्रश्न पाठाचा होता, आणि त्याला उत्तर आहे. याच्या पुढचा प्रश्न वाचनाचा आहे, आणि तिथे इम्युलेटर मला खरोखर कमी पडतो.

इम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट असते. कुठल्याही क्षणी खेळ गोठवायचा, मेलं की तिथूनच पुन्हा. एकट्याने खेळणाऱ्याला हे वरदान. भाच्याने त्या जोरावर मारिओ एका दुपारी संपवला. आमच्यापैकी कुणीही तो शेवट पाहिलेला नव्हता. मारिओत खेळ जपून ठेवायची सोय नाही, आणि आठव्या दुनियेपर्यंत कुणी पोचलंच तर त्याच्या आधी वीज जायची.

पण आमच्या खोलीत मरणाला एक काम होतं. मारिओत दोघं असले तरी एका वेळी एकच खेळतो. पहिला मेला की दुसऱ्याचा नंबर. खोलीत आम्ही सहा-सातजण. आधी दादा, मग चुलतभाऊ, मग शेजारची मुलं, आणि मी शेवटी, कारण मी मुलगी आणि धाकटी. खेळायला बाहेरून आलेल्या मुलाच्या आधी घरच्या मुलीचा नंबर लावावा, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. म्हणजे माझा खेळ दुसऱ्याच्या मरणावर अवलंबून होता. मी खेळले त्याच्या दहापट पाहिलं. कुठल्या विटेत काय दडलंय, हे मला न खेळता पाठ होतं. माझं ज्ञान प्रेक्षकाचं होतं, आणि क्वचित नंबर आला की ते सगळं एका लाइफमध्ये वापरून बघायचं.

सेव्ह स्टेटमध्ये कुणी मरत नाही, म्हणून नंबर कधीच पुढे सरकत नाही. त्या दुपारी भाचा खेळत होता आणि त्याची धाकटी बहीण शेजारी बसून बघत होती. दोन तासांनी ती उठून आत गेली. तेव्हा मला सेव्ह स्टेटबद्दल जे म्हणायचं होतं ते सापडलं. ती खेळ सोपा करते याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती खेळाचं वाटप मोडते. नंबराची ती व्यवस्था अन्यायी होती, पण तिच्यात मी होते.

कायद्याचंही एक वाक्य सांगायला हवं. इम्युलेटर आणि रॉम या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी न्यायालयाने २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात इम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. रॉम वाटण्याला मात्र तशी ढाल नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. '९९९९ इन १' तर कुठलीच कंपनी कधी पुन्हा काढणार नाही, कारण ती कुणाचीच नव्हती. तिची नोंद ठेवायची तर ती ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांनीच ठेवायला हवी: आतल्या यादीचे फोटो, चिकटवलेल्या कागदाचा फोटो, ती कुठून किती रुपयांना आणली, कोण कोण खेळायचं. एवढं परिशिष्ट तरी आपल्या हातात आहे.

दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा माळ्यावरचा जुना रंगीत टीव्ही खाली काढला. पायच्या कानातल्या भोकातून चित्रही निघतं, पण त्यासाठीची वायर वेगळ्या जोडणीची निघाली, म्हणून पिवळ्याऐवजी लाल पिन लावून बघावी लागली. एचडीएमआय काढली, सेटिंगच्या फाइलीत टीव्ही पाल करून घेतला, इम्युलेटर डेंडीवर ठेवला. धून सावकाश सुरू झाली. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "हां, हे बरोबर वाटतंय." ती अकलूजची, तिच्या घरीही असाच एक होता.

मी पहिला खड्डा ओलांडला. भाच्याला म्हटलं, सेव्ह बंद कर. मग मेले, आणि रिमोट त्याच्या बहिणीकडे दिला.