मांडी आणि टोपली : मातृप्रतिमेच्या वाचनाचा प्रश्न

एरिक नॉयमान यांच्या ‘द ग्रेट मदर’ (१९५५) या ग्रंथानंतर ‘महामाता’ हा आदिबंध इतका सर्वसमावेशक झाला, की मांडीवर मूल किंवा समोर धान्य दिसले की अर्थनिर्णयन संपले असे समजले जाऊ लागले. सातपुड्यातील याहा मोगीला या संज्ञेत बसवणे अवघड नाही. बसवल्यावर हाती काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

होरसला स्तनपान देणाऱ्या आयसिसच्या कांस्यमूर्ती इजिप्तच्या उत्तर कालखंडात (इ. स. पू. ६६४–३३२) विपुल घडल्या. मेणाच्या साच्याने ओतलेल्या या मूर्तींत एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. मूल आईला बिलगलेले नसते. ते ताठ असते आणि त्याच्या कपाळी बहुधा राजनाग असतो. आयसिसचे नावच सिंहासनाच्या चिन्हाने लिहिले जाते; म्हणजे ही मांडी मुळात आसन आहे आणि दूध हा राज्याधिकार. वात्सल्याची जागा येथे दुय्यम आहे. मस्तकावरची शिंगे व सूर्यबिंब तर हाथोरकडून आलेली. अनेक मूर्तींच्या बैठकीवर मात्र एखादा सामान्य दाता स्वतःचे नाव कोरून देवीकडे आयुष्य मागतो. राजाच्या मिथकात प्रजाजनाने केलेला हा शिरकाव मूर्तीइतकाच अर्थपूर्ण आहे.

याहा म्हणजे आई. महाशिवरात्रीच्या यात्रेला अक्कलकुवा-धडगावकडील भिल्ल समाज सीमेपलीकडील देवमोगऱ्याला जातो तो बांबूच्या टोपलीत नवे धान्य घेऊन. दुष्काळात तिने माणसे जगवली, अशी कथा आहे. तिचे मातृत्व उदरावर किंवा स्तनावर अवलंबून नाही, ते वाटपावर उभे आहे. त्यामुळे केवळ मूर्ती न्याहाळणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे लागणार नाही. तिची संहिता कथेत, पायवाटेत आणि टोपलीत विखुरलेली आहे.

ह. धी. सांकलिया यांनी १९६० मध्ये लज्जागौरीचे धागे रोमनकालीन इजिप्तपर्यंत नेले. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) तिला भूमीच्या सर्जनशक्तीशी जोडले. उगमापेक्षा अर्थ शोधणारी ढेऱ्यांची वाट निश्चितच अधिक फलदायी आहे. परंतु भूमी आणि योनी यांचे समीकरण याहा मोगीला लावले, की तिचे धान्य रूपक होऊन बसते. टोपली वाहून नेणाऱ्याच्या लेखी ते धान्यच असते.

येथे धुळ्याच्या शरद पाटील यांची आठवण अपरिहार्य आहे. ‘दास-शूद्र गुलामगिरी’त (१९८२) त्यांनी निर्ऋतीला स्त्रीसत्ताक गणात भूमीचे वाटप करणारी म्हणून वाचले. त्यांच्या भाषिक व्युत्पत्ती सर्वांना पटणाऱ्या नाहीत. पण देवीला सत्तेचा प्रश्न विचारण्याची पद्धत येथे उपयोगी पडते. त्या प्रश्नाला आयसिस सिंहासन म्हणून उत्तर देते. याहा मोगी धान्य वाटते, आणि पुढल्या सुगीला तेच धान्य टोपलीतून तिच्याकडे परत जाते.