क्लोनिंगचा पेपर कसा वाचायचा? डीगॅट१ चं उदाहरण

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर १९९८ चा एक पेपर जरूर वाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमधला, उंदराच्या डीगॅट जनुकाचा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपली साठवणीची चरबी, बनवण्याची शेवटची पायरी हे एन्झाइम पार पाडतं.

पेपरची खरी ताकद त्याच्या युक्तीत आहे. डीगॅट पेशीच्या पटलात रुतलेलं असतं, त्यामुळे ते शुद्ध करणं महाकठीण. म्हणून लेखकांनी कोलेस्टेरॉल एस्टर बनवणाऱ्या अकॅट एन्झाइमशी साम्य असलेला क्रम डेटाबेसमधून शोधला. त्याचं प्रथिन कीटकपेशींमध्ये बनवून घेतलं. अकॅटचं काम त्याला जमेना, डीगॅटचं मात्र जमलं. ‘साम्य आहे’ एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष काम मोजलं, हे मला फार आवडतं.

आता मर्यादा. एखादं प्रथिन कीटकपेशीत काम करू शकतं, म्हणून उंदरात ते काम तेच एकटं करतं असं होत नाही. शीर्षकातही ‘एक डीगॅट’ असंच म्हटलंय, पण वाचताना आपण ते ‘एकमेव’ करून टाकतो. २००० मध्ये हे जनुक काढलेले उंदीर जगले, ट्रायग्लिसराइडही बनवत राहिले! ते सडपातळ होते, चरबीयुक्त आहारावरही लठ्ठ झाले नाहीत आणि माद्यांना दूध येईना. २००१ मध्ये डीगॅट२ सापडलं, तेही वेगळ्याच कुटुंबातलं. साम्यावर आधारलेल्या शोधात ते हाती लागणं शक्यच नव्हतं. आणि डीगॅट२ नसलेली पिल्लं जन्मल्यावर लवकरच मरतात.

मग गुणसूत्रावरची जागा कशाला शोधायची? उंदरात डीगॅट१ पंधराव्या गुणसूत्रावर आहे. नुसता हा आकडा कोरडाच वाटतो. पण गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावर दुधातल्या फॅटवर परिणाम करणारा एक पट्टा आधीच माहीत होता आणि डीगॅट१ नेमकं तिथेच निघालं. त्यात उंदरांच्या दुधाचा पुरावा जोडला गेला. २००२ मध्ये त्या जनुकात एका अमिनो आम्लाचा फरक सापडला: २३२ व्या जागी लायसिन असेल तर फॅट जास्त, अ‍ॅलनिन असेल तर कमी.

जागा संशयित दाखवते, गुन्हा सिद्ध करत नाही. पुढचा क्लोनिंगचा पेपर हातात घ्याल, तेव्हा समासात तीन प्रश्न लिहा: काम प्रत्यक्ष मोजलं का? जनुक काढल्यावर काय झालं? आणि शोधाच्या पद्धतीमुळेच काय दिसायचं राहिलं असेल?