झाडीपट्टीतील क्रियापदे : अक्षरविभागणी व लेखन

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या जिल्ह्यांतील बोलींचे नमुने टिपताना संग्राहकाचे लक्ष ‘ण’ऐवजी येणाऱ्या ‘न’कडे किंवा अनोळखी शब्दांकडे प्रथम वळते. क्रियापद उच्चारात कोठे तुटते, हा प्रश्न मागे राहतो. लिपिचिन्ह आणि उच्चाराचा घटक या दोहोंना ‘अक्षर’ म्हणण्याची आपली सवय या उपेक्षेला बरीच कारणीभूत असावी.

‘समज’ या धातूला व्यंजनादि प्रत्यय लागला की विभागणी स-मज-ला अशी होते. स्वरादि प्रत्यय लागताच धातूतील दुसरा अकार लोपून ती सम-जून अशी होते. ‘पसरला’ व ‘पसरून’ यांतही हाच भेद आहे. लेखनात त्याची खूण नसते. मराठीभाषकाचे त्यावाचून अडत नाही. बोलीच्या पुराव्याचे अडते. बोलणाऱ्याने ‘बसवला’ (ब-सव-ला) म्हटले असता संपादकाने शुद्ध म्हणून ‘बसविला’ (बस-वि-ला) छापले, तर केवळ एक इकार वाढत नाही, शब्दाचा तोडच बदलतो. आणि पुढील अभ्यासक तो बोलीचा मानतो.

आघाताचे प्रकरण निराळे. इटालियनमध्ये ‘पार्लो’ हा शब्द आरंभी आघात असता ‘मी बोलतो’ आणि अंती असता ‘तो बोलला’ असा अर्थ देतो; म्हणून तेथील लेखन अंत्य आघात चिन्हाने दाखविते. मराठीत आघात अर्थभेदक नाही. येथे चिन्ह हवे ते लुप्त अकारासाठी, आणि ते काम हलन्ताने सहज होते : ‘सम्‌जून’.

गोंडीत ही गरज अधिक तीव्र आहे. ‘वातोर’ म्हणजे ‘तो आला’. ‘वाता’ मात्र ‘ती आली’ आणि ‘ते आले’ या दोन्ही अर्थी चालते. ‘वातोर’मध्ये ‘वा’ हा धातू, ‘त्‌’ भूतकाळवाचक, ‘ओर’ पुरुषवाचक. उच्चारात मात्र वा-तोर. रूपाची सीमा अक्षराच्या पोटात पडते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये आणि गोंडीचा समावेश असलेला चौथा १९०६ मध्ये निघाला. त्यांतील रोमन लिप्यंतराचा एक लाभ दुर्लक्षिला जातो : त्या लिपीत अकार लिहावा लागतो, म्हणून तो आहे की नाही हे टिपणाऱ्याला ठरवावेच लागते. देवनागरी तो निर्णय वाचकावर सोपविते, आणि मराठी वाचक गोंडी शब्दालाही आपलाच लोपाचा नियम लावतो. गोंडी क्रियापदे छापणाऱ्याने हलन्त वगळणे ही म्हणून छपाईची सोय ठरत नाही. ती व्याकरणातील ढवळाढवळ होय.