धातुघटित औषधे व त्वचाविकार : ‘रसरत्नसमुच्चया’तील दोषविचाराची चिकित्सा

धातुघटित औषधांच्या दुष्परिणामांची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य आक्षेप म्हणून केली जाते. वस्तुतः हा विचार मूळ ग्रंथांतच आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने मुद्रित केलेल्या ‘रसरत्नसमुच्चया’त पाऱ्याचे दोष वर्णिले असून नाग-वंग (शिसे व कथील) यांच्या संसर्गातून येणारे यौगिक दोष आणि भूमिज कंचुक हे कुष्ठकारक सांगितले आहेत. (येथे ‘कुष्ठ’ म्हणजे केवळ महारोग नव्हे, त्वचारोगांचा संपूर्ण वर्ग त्यात येतो.)

ही निरीक्षणशक्ती निश्चितच गौरवास्पद आहे. मात्र ग्रंथकाराने सारा दोष अशुद्धीच्या पदरी टाकला आणि ‘शोधन-मारण यथाविधी झाले की औषध निर्दोष’ अशी धारणा त्यातून रूढ झाली. त्वचेवर काही उमटलेच, तर भस्म कच्चे होते असे म्हणता येते. म्हणजे ही धारणा कधीच खोटी ठरत नाही. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र, अपुनर्भव या कसोट्या भस्माची सूक्ष्मता व रूपांतर तपासतात. दीर्घ सेवनानंतर शरीरात काय साठते, हे त्यांच्या कक्षेबाहेरचे आहे.

या संदर्भात फाउलरच्या द्रावणाचे उदाहरण उद्बोधक ठरते. १७८६ मध्ये प्रसिद्धीस आलेले हे सोमलाचे एक टक्का द्रावण पुढे सोरायसिससाठीही दीर्घकाळ दिले गेले. तेथे प्रश्न भेसळीचा नव्हता, खुद्द सोमलाचाच होता. तळहात-तळपायांवर कुरूपासारखे कठीण उंचवटे, अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षांनी त्वचेचा कर्करोग दिसून आला. संधिवातावरील सुवर्णक्षारांची इंजेक्शनेही पुरळ व खाज यांमुळे अनेकदा थांबवावी लागत. तेव्हा दोष एकाच पॅथीचा नाही.

आधुनिक टीकाही सैल आहे. सेपर व सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळले. पण तो बाटलीतील द्रव्याचा हिशेब होता, सेवन करणाऱ्याच्या त्वचेचा नव्हे.

औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये पारा, हरताळ, मनःशिला, रसकर्पूर यांचा समावेश आहे. अशा पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे, मराठीत नाही. पैठण वा कन्नडच्या खेड्यातील रुग्णाच्या तळहातावर सोमलाची खूण उमटेपर्यंत कित्येक वर्षे लोटतात, आणि पुडी देणारा वैद्यही तोवर बदललेला असतो. असा बदल दिसताच औषध थांबवावे, ही सूचना त्या इशाऱ्यात कोणत्याच भाषेत नाही.