बदली नाणं: प्रतिकृतीवर किती विसंबायचं?

परभणीत किंवा सेलूत राहून नाण्यांवर संशोधन करायचं ठरवलंत, की पहिली अडचण साधीच असते: मूळ नाणं हातात येत नाही. येते ती प्रतिकृती. मग ती वापरायची का? वापरा, पण तिला काय विचारायचं ते आधी ठरवा.

एक सोपं उदाहरण घेऊ. जिओकॅशिंग हा २००० साली अमेरिकेत सुरू झालेला खेळ. जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचे. त्यात संग्राह्य नाणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरतात. प्रत्येक नाण्यावर वेगळा क्रमांक असतो, त्यावरून प्रवासाची नोंद होते. पण नाणी गहाळ होतात. म्हणून काही मालक मूळ नाणं घरी ठेवतात आणि तोच क्रमांक घातलेली बदली चकती फिरवतात. डबा उघडणाऱ्याला खरं नाणं बघायला मिळत नाही, एवढाच तोटा. बाकी काम क्रमांकाचं, आणि क्रमांक जसाच्या तसा उतरतो. ही प्रतिकृती प्रामाणिक आहे.

आता शिवाजी महाराजांचा होन बघा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पितळी प्रतिकृतीवर ही अक्षरं वाचता येतात. पण मूळ होन सोन्याचा, वजन सुमारे २.८ ग्रॅम. पितळेची घनता सोन्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे आकार जुळवला तर वजन चुकतं, वजन जुळवलं तर आकार. तुमचा प्रश्न वजनमापाचा असेल, तर ही प्रतिकृती तुम्हाला सरळ फसवते.

दुसरी मर्यादा याहून मोठी. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. एका नाण्याची उत्तम प्रतिकृती तुम्हाला दुहेरी छाप दाखवेल. पण सत्तांतराचा अंदाज येतो तो पूर्ण साठ्यावरून, पुन्हा छापलेल्या आणि न छापलेल्या नाण्यांच्या प्रमाणावरून. एक देखणा नमुना ते प्रमाण कुठून आणणार?

माझा खरा आक्षेप मात्र प्रतिकृतीवर नाही, खूण नसलेल्या प्रतिकृतीवर आहे. १९व्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी विजेच्या साहाय्याने तांबं चढवून नाण्यांच्या प्रती केल्या, त्यांच्या कडेवर त्यांची आद्याक्षरं आढळतात. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ असा ठसा बंधनकारक केला. आपल्याकडच्या बाजारातल्या होनावर अशी खूण शोधून बघा. आज ती भेटवस्तू आहे. पन्नास वर्षांनी झिजून, काळवंडून कुणाच्या पेटीत निघाली तर ‘घराण्यातलं जुनं नाणं’ म्हणून कुणाच्या तरी प्रबंधात शिरेल.

तेव्हा प्रतिकृती हाती आली की आधी कड बघा. दोन अर्धे जोडल्याची रेघ, कानशीचे ओरखडे, पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे दिसतात का? मग वजन करा. आणि प्रबंधात छायाचित्राखाली ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा. अक्षरवाटिका, चिन्हं, मांडणी यांवर तिच्या आधारे बोला. धातू, वजन, झीज यांवर बोलायचं असेल, तर संग्रहालयाला पत्र लिहा आणि मूळ नाण्यासाठी थांबा. उशीर होईल, चालेल. चुकीचं वजन एकदा छापलं गेलं, की पुढचे दहाजण तेच उतरवून घेतात.