कोरलेल्या आणि गाळलेल्या ओळी

भंडाऱ्याहून एकटाच निघून दिवसभरात नागपूरचा सीताबर्डी किल्ला पाहणारा प्रवासी लिहायला बसला की तारखांवर थांबतो. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, इंग्रज सैनिकांच्या कबरी, संपले! अप्पासाहेब भोसल्यांसाठी लढलेल्या अरब शिपायांचे काय? धाकटी टेकडी तर त्यांनीच घेतली होती. नऊगज अली बाबांची कबर 'दर्गा' म्हणून उरकली जाते; लोकस्मृती मात्र तिचे नाते फाशी गेलेल्या नवाब कादर अली व त्यांच्या आठ साथीदारांशी सांगते. आपल्याच जिल्ह्यातील आंबागड राजाखान पठाणाने बांधला, हे तरी किती जण लिहितात? स्मारक हाही एक मजकूरच. त्यातील गाळलेल्या ओळी वाचता आल्या नाहीत, तर प्रवासवर्णन केवळ माहितीपत्रक उरते.