चार तारा, तिसरी पिन

ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याकडे सगळे बघतात. ढोलकीवाल्याकडे पोरंटोरं बघतात. की-बोर्डवाला मधूनच एक हात हवेत उडवतो, म्हणून त्याच्याकडेही बघावं लागतं. बेस गिटारवाल्याकडे मात्र कुणी म्हणून बघत नाही. "एवढं जरा धरा हो" म्हणून कुणीतरी हातात दिलेलं सामान सांभाळत असल्यासारखा तो मागच्या पडद्याला लागून उभा असतो. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याच्याकडे स्कूटर कुठं लावली होती याची चौकशी करतात. त्याच्या जन्मदात्या आईलासुद्धा तो नक्की काय वाजवतो हे सांगता येत नाही. हे मी जबाबदारीनं लिहितो आहे, कारण ती आई म्हणजे माझी धाकटी बहीण. "बाकीचे वाजवायलेत आन् तू नुसती मान हलवायलास," हे तिचं कॉलनीतल्या गणपतीपुढच्या कार्यक्रमावरचं परीक्षण. याहून थोडक्यात परीक्षण लिहिणं कुणाला जमेलसं वाटत नाही.

तसा आमच्या छत्रपती संभाजीनगरात 'बेस' हा शब्द कुणाला नवा नाही. मिरवणुकीत डीजेची भिंत घरासमोरून गेली आणि फडताळातल्या कपबश्या थरथरल्या, की शेंबडं पोरही सांगतं, "बेस वाढवला बरं का!" पण तो बेस म्हणजे छातीवर मारलेली बुक्की. गिटारवरच्या बेसनं पाठीवर हात ठेवावा अशी अपेक्षा असते. गावाला बुक्कीची सवय झाली, की पाठीवरचा हात कळेनासा होतो, आणि मग हात ठेवणाऱ्यालाही वाटायला लागतं, आपणही बुक्कीच मारावी.

आमच्या भाच्याला हेच वाटायला लागलं होतं. पोरगा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. आठवडाभर यंत्रांचा आवाज ऐकून रविवारी पुन्हा आवाजच करावासा वाटतो, यावरून त्याची निष्ठा लक्षात यावी. दिवाळीचा बोनस हातात पडायच्या आधीच त्यानं खरेदीची यादी केली आणि माझ्यापुढं ठेवली. "मामा, काही राहिलंय का बघा बरं." मी यादी वाचली. वाण्याची असो, रुखवताची असो, यादीत माणसाचं मन जितकं उघडं पडतं तितकं कवितेतही पडत नाही असं माझं मत आहे. या यादीत सहा ओळी होत्या. कंप्रेसर, डिस्टॉर्शन, कोरस, ऑक्टेव्हर, रिव्हर्ब अशा पाच पेट्या ठळक अक्षरांत आणि सहावी ओळ खाली बारीक अक्षरांत: 'तारा (जमल्यास)'. म्हणजे लग्नाच्या यादीत वाजंत्री, मांडव, आइस्क्रीम सगळं लिहून शेवटी 'नवरदेव (जमल्यास)' लिहावं, तसं.

आता या वाद्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थानं 1951 साली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच अशा उभ्या डबल बेसकडे होतं. ते धूड बसमध्ये मावत नसे. फेंडरनं दांडीवर पडदे बसवले. बोट पडद्यामागं पडलं की सूर नेमका लागणारच, म्हणून नावही ठेवलं 'प्रिसिजन बेस'. तारा चारच. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच, साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यांत खालची तार सेकंदाला 41 कंपनं करते. गाणारा सुरात आहे की नाही आणि तालवाला जागेवर आहे की नाही, हे दोघांनाही न दुखवता सांगणं एवढंच तिचं काम. आपल्याकडे देवीच्या गाण्यांत चौंडकं वाजतं. तारेला ताण देत, सोडत, त्यातून 'डुंव् डुंव्' असा घसरता आवाज निघतो. त्याचंही काम तेच. चौंडकंवाल्याला कुणी पेटी विकली नाही. त्याचा डावा हात हाच त्याचा इफेक्ट.

इफेक्टची पेटी म्हणजे बुटानं दाबायची, साबणदाणीएवढी, रंगीत पत्र्याची डबी. गिटारची वायर एका अंगानं आत जाते, दुसऱ्या अंगानं बाहेर पडते, आणि आत आवाजावर संस्कार होतात. जपानच्या बॉस कंपनीनं 1977 पासून अशा आटोपशीर डब्या काढल्या आणि जगभरच्या वादकांच्या पायाशी रंगपंचमी सुरू झाली.

यातला कंप्रेसर हा एकत्र कुटुंबातल्या मोठ्या जावेसारखा. जो मोठ्यानं बोलेल त्याला दाबायचं, जो पुटपुटेल त्याला पुढं करायचं, सगळ्यांच्या ताटात भाजी सारखी. उपयोगी आहे, पण बोटांना शिस्त नसली की ती विकत मिळते असा समज होतो. कोरसबद्दल फार बोलायला नको. एकाच सुराची किंचित उशिरा येणारी, किंचित डळमळणारी नक्कल मुळात मिसळली की कोरस होतो. लग्नात तीन काकू एकदम मंगलाष्टक म्हणतात तेव्हा होतं ते हेच, आणि तेही विनामूल्य.

डिस्टॉर्शनची गोष्ट वेगळी. ती वाईट आहे असं म्हणण्याची माझी छाती नाही. मेटॅलिका या मंडळींच्या 1983 सालच्या पहिल्या तबकडीत क्लिफ बर्टननं नुसत्या बेसवर, आवाज फाडून फाडून, असं काही वाजवलंय की माझ्यासारखा भीमसेनअण्णांचा भक्तही अंग चोरून ऐकत बसतो. पण ते तो एकटा वाजवत होता. आमचा भाचा कोळीगीताखाली वाजवतो. आवाज फाटला की त्यातून वरचे सूर उसळतात, बुडाचा सूर पातळ होतो, आणि ज्यानं पाया व्हायचं तो पत्र्यावर चढून बसतो. घ्यायचीच तर निदान कोरा आवाज सोबत मिसळायचं बटण असलेली घ्यावी.

ऑक्टेव्हर हा तर निव्वळ हिशेबाचा प्रश्न. वाजवलेल्या सुराच्या निम्म्या कंपनांचा सूर ही पेटी तयार करते. 41 चे निम्मे साडेवीस. माणसाचा कान साधारण विसाच्या आसपास हात टेकतो आणि मांडवातले स्पीकर त्याच्या कितीतरी आधी टेकतात. तेव्हा खालच्या तारेवर ही पेटी लावून काढलेला सूर ऐकायला मांडवाखालची गांडुळं तेवढी हजर असणार.

रिव्हर्बचं वाचून मात्र मला राग आला. वेरूळ इथून तीसेक किलोमीटरवर. तिथल्या दहाव्या लेण्यात, लोक ज्याला सुतार की झोपडी म्हणतात त्या विश्वकर्मा चैत्यात उभं राहून कुणी साधा 'ओम्' म्हटला, तरी तो पुन्हा पुन्हा फिरून अंगावर येतो. ज्यांच्या उंबऱ्याशी अखंड डोंगरात कोरलेला रिव्हर्ब आहे त्यांनी तो पत्र्याच्या डबीत विकत घ्यावा? मी भाच्याला गाडीवर घालून तिथं नेलं. म्हटलं, "आता तुझी बेसची ओळ तोंडानं म्हण. जलद म्हण." त्यानं 'डुम् डुम् डुडुम्' सुरू केलं. तिसऱ्या आवर्तनाला पहिल्या आवर्तनाची शेपटी येऊन मिळाली आणि सगळ्याचं पिठलं झालं. गाणारा एकटा सूर अशा जागी फुलतो. खालच्या सुरांची जलद चाल बुडते. वर छताला दगडातच लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. दगडाला लाकडाचा इफेक्ट! तो तिथं शोभतो, कारण आधी डोंगर भक्कम आहे. एवढं मी बोललो आणि रखवालदारानं आम्हांला दोघांनाही बाहेर जायची खूण केली.

आता तारा. खरं तर यादी इथून सुरू व्हायला हवी होती.

बेसची तार म्हणजे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. ही वरची तार गोल असली की पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा होतो, आवाज लख्ख, धातूचा, आणि बोट सरकलं की 'खर्र'. वरची पट्टी चपटी असली की तार काचेसारखी गुळगुळीत आणि आवाज गोल, मऊ. तंबोऱ्याची जवारी खुली हवी की बंद, यावर आपल्याकडे माणसं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत. हा वाद त्याच घराण्यातला. गोल गुंडाळीची तार म्हणजे केशर आंबा. चार दिवस राज्य करते, मग घाम आणि मळ आट्यांत भरून मुकी होते. चपटी म्हणजे मुरंबा. पहिल्या दिवशी कुणी वाहवा करत नाही, पण बरणी वर्षानुवर्षं टिकते.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात घामाची टंचाई नसते. भाच्याच्या तारा मुक्या झाल्या तेव्हा त्यानं वादकांचा जुना तोडगा केला. तारा काढल्या आणि पातेल्यात घालून उकळल्या. मळ सुटतो, आवाज उजळतो, पण थोडेच दिवस. बहिणीनं झाकण उघडलं, आत चार सर्प वेटोळं घालून बसलेले. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. ती एवढंच म्हणाली, "मीठ घातलंस का?"

मग आम्ही गावात नव्या तारा शोधायला निघालो. एका दुकानात हार्मोनियम, लेझीम, तबल्याच्या गाद्या, शाळेच्या बँडचे बिगूल, सगळं होतं. बेसच्या तारा म्हटल्यावर दुकानदारानं साध्या गिटारच्या संचातली सगळ्यांत जाड तार काढून दिली. "ही चालवा की. जाडच हाय." दुकानदाराला नावं ठेवण्यात अर्थ नाही, लंडनचीही हीच अवस्था होती. 'द हू' या बँडच्या जॉन एन्टविसलला 1965 साली एका गाण्यासाठी डॅनेलेक्ट्रो कंपनीच्या बेसच्या बारीक तारांचा आवाज हवा होता. तार तुटली. सुट्या तारा इंग्लंडात मिळेनात. पठ्ठ्यानं तारेसाठी अख्खा बेस नवा घेतला. अशा तीन गिटारी झाल्या असं तो सांगायचा. पुढं 1966 मध्ये त्यानंच रोटोसाउंड कंपनीच्या लोकांबरोबर बसून गोल गुंडाळीच्या तारा मनासारख्या करून घेतल्या. तारेसाठी एवढा जीव टाकणारा माणूस यादीत 'जमल्यास' लिहील का?

दुसऱ्या टोकाला जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांखाली हा माणूस आहे. 1964 च्या अखेरीस आलेल्या 'माय गर्ल'ची सुरुवात ऐका. गाणारे यायच्या आधी जो खोल सूर तुम्हांला खुर्चीत नीट बसवतो, तो जेमर्सन. वाजवायचा उजव्या हाताच्या एका बोटानं. 1962 सालचा फेंडर प्रिसिजन, त्यावर जाड चपट्या तारा, आणि त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत हा नेम. मळ हाच मसाला. पायाशी पेटी नाही. बरीच वर्षं तबकड्यांवर त्याचं नावसुद्धा छापत नव्हते. म्हणजे दुर्लक्षाच्या बाबतीतही आमचा भाचा थोरांच्या पंक्तीत बसतो.

शेवटी टपालानं चपट्या तारा मागवल्या. चारांची जाडी इंचाच्या हजारांश भागांत 45, 65, 85, 105 अशी नेहमीची. लांबी बघून घ्यावी, 34 इंची दांडीला आखूड तार पुरत नाही. आणि चारांचा मिळून ओढ पाऊणशे किलोच्या आसपास असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या लाकडी दांडीला रात्रंदिवस लोंबकळलेला. आमच्याकडचा कोरडा उन्हाळा आणि लगेच पावसाळा, यात लाकूड वाकतं. दांडीतली सळई पिळायची बारकी किल्ली सोबत ठेवावी. ती स्वस्त असते आणि म्हणूनच कुणी घेत नाही. रुंद पट्टाही त्याच जातीचा. नव्या तारांवरच्या पहिल्याच कार्यक्रमात भाच्याचा जुना अरुंद पट्टा सुटला आणि दोन ओळी तो वाजवायचा थांबला. घरी आल्यावर बहिणीनं विचारलं, "मधीच लाईट गेल्यावानी झालं होतं, काय झालतं?" भाचा तिच्याकडे बघतच राहिला. बेसवर मिळालेली एवढी नेमकी दाद मी दुसरी ऐकलेली नाही.

लाईटवरून आठवलं. यादीत एक सातवी ओळ हवी होती, ती कुणाच्याच यादीत नसते.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. पांढरी पाचचा खालचा सूर 49 चा. म्हणजे महावितरण सदोदित पांढरी पाचमध्ये गातं, किंचित चढं. त्याची दुप्पट 100, ती भाच्याच्या चौथ्या मोकळ्या तारेच्या, 98 च्या, मांडीला मांडी लावून बसते. मांडवात 'घूंऽऽ' असा जो आवाज गाणं सुरू होण्याआधीपासून येतो तो हा. सतारीच्या 'गुणगुणी'सारखा सूक्ष्म वगैरे काही नाही. चांगला बेस आहे. त्यावर पाच पेट्या लावल्या की पाचही पेट्या आधी त्याच्यावर संस्कार करतात.

हा आवाज घालवायला आपल्याकडे रामबाण उपाय म्हणजे प्लगाची तिसरी पिन मोडायची. बऱ्याचदा मोडावीही लागत नाही. प्लगच नसतो, दोन उघड्या वायरी आगकाडीनं सॉकेटात खोचलेल्या असतात. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ती गेली की घूं कधीकधी जातो, आणि गिटारच्या तारांवर बोटं ठेवून ओठ माइकला लागला की माणूसही जाऊ शकतो. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी इथं 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवाला लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून भर रंगमंचावर गेला. 27 वर्षांचा होता. पेट्या तयार करणारे पानपानभर जाहिराती करतात. अर्थिंगची जाहिरात करावी असं कुणालाच वाटत नाही.

घूं घालवायचा सभ्य उपाय आहे. डी. आय. बॉक्स नावाची पेटी बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये बसते. तिच्यावर एक बारकं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरीचं जमिनीशी असलेलं नातं तोडतं. विजेची तिसरी पिन जागच्या जागी राहते. सगळ्या पेट्यांत ही एकच अशी, जिचा काही आवाज नाही. भाच्यानं ती घेतली. वर एक टेस्टर आणि एक छोटा मल्टिमीटर. बोनसातले उरलेले पैसे बघून तो थोडा हिरमुसला होता, पण कंप्रेसरपुरते अजून होते, आणि त्याला माझी हरकत नाही.

परवा एका लग्नाच्या मांडवात तो स्टेजमागं उकिडवा बसून सॉकेटमध्ये टेस्टर घालून बघत होता. मांडवाचं लाईटचं काम बघणारा पोरगा आला, थोडा वेळ उभा राहिला. "तुम्ही लाईनमन का?"

"नाही. बेस वाजवतो."

"बेस," तो म्हणाला, "मग ही वायर जरा धरा. मी चहा घेऊन आलो."